करवतीचा काळा डाग

वारज्याला महामार्गाच्या सेवारस्त्यावरून आत वळले की एका गल्लीत सुतारकामाचे वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी तिथे एक जुनी कडी घेऊन गेलो. नारायण पेठेतल्या आमच्या घराचा मागचा सोपा १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पडला, तेव्हा कडीपाटाच्या ज्या थोड्या कड्या धड निघाल्या त्यांतली ही एक. घर गेले, बिऱ्हाडे बदलली, तरी कडी माळ्यावरून माळ्यावर फिरत राहिली. साडेपाच फूट लांब, पाच इंच रुंद, अडीच इंच जाड, अस्सल साग. तिचे लिहायचे एक उतरते डेस्क करून घ्यावे, एवढीच माझी इच्छा होती.

मिस्त्रींनी कडी मशीनच्या टेबलावर चढवली. टेबलाच्या मधोमध फटीतून गोल पाते वर आलेले, त्यावर लाकूड पुढे ढकलत न्यायचे, असे हे यंत्र. त्याला टेबल सॉ म्हणतात, मिस्त्री नुसते 'कटर' म्हणत. पहिली फूटभर कड बरी गेली. मग आवाज बदलला. करवतीचा खरखरीत सूर जाऊन किंकाळीसारखा बारीक आवाज यायला लागला, धुराची एक रेघ निघाली आणि सागाच्या त्या ओळखीच्या चामड्यासारख्या वासात करपल्याचा वास मिसळला. फळी सुटून बाजूला पडली तेव्हा तिच्या कापलेल्या अंगावर काळे चट्टे होते. कुठे फिकट तपकिरी, कुठे कोळशासारखे.

"सर, सागवानात तेल असतं. ते जळतं," मिस्त्री म्हणाले. मागे फॉर्मायका चिकटवत बसलेले एक वयस्कर कारागीर मानही वर न करता म्हणाले, "तेल आमच्या आजाच्या वेळीपण होतं की."

या एका वाक्यावर पुढचे वर्ष गेले. दस्तऐवजांवरच्या खुणा वाचण्यात माझे आयुष्य गेले. लाकडावरच्या खुणा मी कधी वाचल्या नव्हत्या. लाकूड तेच, तेलही तेच; मग डाग नवा कशाने?

घरी येऊन फळी उजेडात तिरपी धरली. डाग वेडेवाकडे नव्हते. प्रत्येक डागाची कड म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा होता. शाळेतली भूमिती आठवून एका चापावर पट्टी ठेवली. चापाच्या दोन टोकांमधले अंतर १० सेंटिमीटर, मध्यावरची उंची जेमतेम १ सेंटिमीटर. अंतराच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागायचे आणि त्यात निम्मी उंची मिळवायची, की त्रिज्या निघते. १३ सेंटिमीटर आली. म्हणजे पाते २६ सेंटिमीटर व्यासाचे, मापातली चूकभूल धरून १० इंची. मिस्त्रींच्या मशीनवर १० इंचीच पाते होते. पाते न पाहता निव्वळ फळीवरून हे सांगता येते, याची मला त्या दिवशी भलतीच गंमत वाटली.

मग कडीच्या बाकीच्या बाजू पाहिल्या. वरच्या बाजूला, जिच्यावर पाट बसत असे, उथळ खवल्यांसारखे खोलगट घाव होते. ते वाकसाचे. वाकस म्हणजे आडव्या पात्याची, कुदळीच्या जातीची छोटी कुऱ्हाड. सुतार तिने लाकूड तासून सपाट करी. खालची, खोलीतून दिसणारी बाजू रंध्याने गुळगुळीत केलेली. आणि एका कुशीला, भिंतीकडे तोंड असल्याने कोणी साफ करण्याची तसदी न घेतलेल्या भागावर, तिरक्या सरळ रेघा होत्या. सगळ्या एकमेकींशी जवळजवळ समांतर, पण पुरत्या नाहीत. दर थोड्या अंतरावर त्यांचा कल किंचित बदलत होता. या हातकरवतीच्या रेघा. ओंडका कैचीवर तिरका चढवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली, मध्ये लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा, वरच्याच्या पाठीवर ऊन. दोघे दमले की जागा बदलायचे, आणि रेघांचा कल बदलायचा तो तिथे. वाड्यांच्या इतिहासात पेशवे असतात, सरदार असतात, क्वचित गवंडी-सुतारही असतात. ओंडके चिरणारी ही जोडगोळी मला कुठल्या ग्रंथात भेटली नव्हती, ती या कडीच्या कुशीवर भेटली.

जुने लाकूड विकत घेणाऱ्यांसाठी इथे एक सांगून ठेवतो. वाड्यातला म्हणून सांगितलेल्या खांबावर किंवा तुळईवर मूळच्या कापाच्या रेघा वक्र दिसल्या तर तो काप गोल करवतीचा, आणि मग 'शंभर टक्के पेशवाई' या शब्दांची किंमत निम्म्याने कमी करावी. रेघा सरळ, उभ्या आणि अगदी एकसारख्या अंतरावर असतील तर ती पट्टा-करवत, म्हणजे अलीकडची सॉ मिल. तिरक्या आणि जराशा चुकार असतील तरच माणसांचे हात. शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या रानातून आला असे सांगतात. १७३० च्या जानेवारीत पायाभरणी झाली आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत. दोन वर्षांत एवढा वाडा उभा करायला किती जोडगोळ्या किती दिवस करवत ओढत होत्या याचा अंदाज करून पाहावा. ते बहुतेक लाकूड १८२८ च्या आगीत गेले, त्यामुळे तिथे रेघा शोधायला आता काही उरलेले नाही.

हातकरवतीने लाकूड का जळत नाही? तीही घासतेच. पण ती एका खेपेला वेगळे लाकूड खाते, परतताना नुसती सरकते आणि त्या वेळात थंड होते. तिचा प्रत्येक दात ठसठशीत धलपी काढतो आणि निर्माण झालेली उष्णता त्या भुशाबरोबर बाहेर फेकली जाते. शिवाय दात आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पात्याचे अंग लाकडाला लागत नाही. कानस घेऊन दातांना धार लावणे आणि हे वाकवणे बरोबर राखणे, हे कौशल्य करवत ओढण्याइतकेच महत्त्वाचे होते. सागाच्या पेशींत वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण, सिलिका, असतात. पोलादाची धार ते भराभर खातात. साग चिरणाऱ्याची कानस कधी लांब नसे ती याचमुळे.

घर्षणाने लाकडातून अग्नी निघतो हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. यज्ञात अरणिमंथन करतात तेव्हा नेमके हेच करतात. तिथे लाकूड कापायचे नसतेच, नुसते घासायचे असते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कारागीर तर हीच उष्णता हुकमी वापरतात. कातावर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ती सत्तर-ऐंशी अंशांनाच मऊ होते, म्हणून काम भागते. लाकूड काळे पडायला अडीचशे अंशांच्या आसपास जावे लागते. तिथवर नेण्याइतके अखंड घासणारे साधन सुताराच्या हाती आले ते गोल करवतीच्या रूपाने.

गोल करवत कोणी शोधली यावर भांडणे आहेत. इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरला १७७७ साली मिळालेल्या पेटंटात ती येते, पण जाता जाता, जणू वाचणाऱ्याला ती ठाऊकच असावी अशी. अमेरिकेतल्या शेकर पंथीयांत १८१३ ची एक कथा सांगतात: टॅबिथा बॅबिट नावाच्या बाईने दोन पुरुषांना करवत मागेपुढे ओढताना पाहिले, परतीची खेप फुकट जाते हे तिच्या लक्षात आले आणि तिने चरख्याच्या चाकाशी दातेरी चकती जोडून पाहिली. तारखांच्या हिशेबात ही कथा पहिलेपणाचा मान मिळवू शकत नाही. तरी तिच्यातले निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. परतीची फुकट खेप हीच करवतीची विश्रांती होती. ती काढून टाकली आणि काम अनेक पटींनी वाढले, तसा तापही वाढला.

हे यंत्र मोठ्या प्रमाणावर आधी कामाला लागले ते आरमारासाठी. शिडाचे दोर ज्यांतून ओवतात त्या लाकडी कप्प्या ब्रिटिश नौदलाला हजारोंनी लागत. पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉडस्लेने घडवलेली यंत्रे १८०२ नंतर बसू लागली. १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या तिथे होऊ लागल्या, आणि पूर्वी ११० कारागिरांना लागणारे काम १० साधे मजूर करू लागले असे म्हणतात. त्या यंत्रांत गोल करवती होत्या, आणि कप्पीच्या आतले चाक ज्या लिग्नम व्हायटीचे करीत ते जगातल्या सर्वांत कठीण लाकडांपैकी एक. चट्ट्यांची पहिली तक्रार कुणी केली असेल तर त्या कारखान्यात, असा माझा तर्क आहे.

त्याच काळात आपल्याकडे मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागाची जहाजे बांधत होती. लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून आले, तेव्हापासून ही परंपरा. जमशेटजी बोमनजींच्या हाताखाली बांधलेले 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. त्याचा मलबारी साग हातकरवतीनेच चिरलेला. पुढे १८३८ साली याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण जहाजबांधणी शिकायला विलायतेला गेले आणि चॅथमच्या गोदीत राहिले. तिथे ब्रुनेलने १८१४ पर्यंत पुरी केलेली वाफेवरची करवत-गिरणी उभी होती. दोघांनी आपल्या अडीच वर्षांच्या मुक्कामाची रोजनिशी १८४१ मध्ये लंडनला छापली. मुंबईच्या सुताराला यंत्राची करवत दाखवण्यात या दोघांचाही वाटा असणार.

जहाजांनी आणि पुढे रेल्वेने साग किती खाल्ला, याचा धसका सरकारने घेतला तो पुण्याजवळच. दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचे काम पाहणारा डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८५३ साली आगगाडी धावली. डबे लाकडी, बरेचसे सागाचे, आणि ते बांधणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळांमध्ये पट्ट्यावर फिरणाऱ्या गोल करवती आल्या. तिथून वखारींत, आणि तेलाचे एंजिन स्वस्त झाल्यावर तालुक्याच्या गावांत. कैचीवरच्या जोडगोळीचे काम गेले. त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

गोल पोलादी पात्याचे दुखणे असे की एकदा तापले की ते स्वतःच स्वतःला आणखी तापवते. दात बोथटले की ते कापण्याऐवजी घासतात. घासले की काठ तापतो आणि फुगतो, मधला भाग थंडच राहतो. मग चकती सरळ न फिरता डुलू लागते, डुलली की तिचे अंग लाकडाला लागते आणि ताप आणखी वाढतो. तीनशे अंशांच्या आसपास पोलादावर निळी झाक येते. लोहाराच्या भाषेत त्याचे पाणी उतरते. पाणी उतरलेला दात धार धरत नाही. चकतीवर हातोडीचे मोजके घाव घालून तिचा ताण सारखा करणे हा म्हणूनच एक वेगळा धंदा होऊन बसला.

यावरचा उतारा जर्मनीतून आला. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाची पूड कोबाल्टमध्ये बांधून घडवलेला एक कठीण पदार्थ क्रुप कंपनीने १९२६-२७ च्या सुमारास 'विडिया' या नावाने बाजारात आणला. जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखा' म्हणायला जे दोन शब्द लागतात त्यांचे हे लघुरूप. १९६० च्या दशकात बंगळुरूला याच नावाचा कारखाना आला आणि आपल्या कारखान्यांतून, वर्कशॉपांतून हा शब्द इतका रुजला की आज वारज्यातले मिस्त्रीही कुठल्याही कंपनीच्या पात्याला 'विडियाचं ब्लेड' म्हणतात. सागातल्या सिलिकेपुढे पोलाद टिकत नाही, विडिया टिकतो. पाते पोलादाचेच, प्रत्येक दाताच्या टोकाला विडियाचा छोटा तुकडा डाखलेला, आणि तो पात्यापेक्षा किंचित रुंद, म्हणजे दात वाकवायलाही नको.

मग विडियाच्या पात्यानेही माझी कडी का करपली? म्हाताऱ्या कारागिरांकडे मी पुन्हा गेलो. त्यांनी उत्तर एका दमात दिले: "ब्लेड प्लायचं आहे."

हिशेब घालून पाहिला तो असा. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेते तेव्हा त्याचा काठ ताशी १९० किलोमीटरच्या वेगाने धावतो. त्या पात्याला ६० दात होते, म्हणजे मिनिटाला २,४०,००० दात लाकडापुढून जातात. कडी जाड, लाकूड कठीण, मिस्त्री जपून ढकलत होते. मिनिटाला एक मीटर धरू. प्रत्येक दाताच्या वाट्याला आले एका मिलिमीटरचे साधारण २४० भाग केले तर त्यातला एक. एवढ्या पातळ थरात दात शिरतच नाही, वरून घसरतो. हेच पाते २४ दातांचे असते आणि कडी मिनिटाला तीन मीटरने गेली असती तर प्रत्येक दाताला साडेसातपट जाड धलपी मिळाली असती, आणि ताप भुशाबरोबर निघून गेला असता. म्हणजे जपून, हळू ढकलल्यामुळे लाकूड जळाले. आपला सगळा अनुभव याच्या उलट सांगतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नवशिका धूर दिसला की आणखी हळू होतो.

पण मिस्त्रींचा दोष काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्या वर्कशॉपमध्ये साग महिनोन्महिने येत नाही. येते ते प्लायवूड, एमडीएफ, सनमायका. प्लायचा वरचा पातळ पापुद्रा फाटू नये म्हणून बारीक आणि पुष्कळ दातांचेच पाते लागते. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फने १९०६ मध्ये सरकत्या टेबलाची करवत केली. तिच्या वंशातले, ज्याला आज पॅनेल सॉ म्हणतात ते यंत्र, आता मोठ्या वर्कशॉपांत मुख्यतः चौकोनी तक्ते कापण्यासाठी उभे असते. आसामात चहाच्या पेट्यांसाठी सुरू झालेला प्लायवूडचा धंदा शंभर वर्षांत घराघरांच्या कपाटांत शिरला. वारजे हे मुठेकाठचे शेतीचे गाव १९९७ साली महापालिकेत आले, इमारती उठल्या आणि प्रत्येक फ्लॅटमागे एक मोड्यूलर किचन, दोन वॉर्डरोब, एक टीव्ही युनिट हा हिशेब ठरला. त्या हिशेबावर चालणाऱ्या मशीनवर माझी कडी पाहुणी म्हणून आली होती. तिच्यावरचा डाग प्लायवूडच्या काळाने सागावर मारलेला शिक्का आहे, असे मी आता म्हणतो.

बाकीची कारणे त्या कारागिरांनी फळीवर बोट ठेवत ठेवत दाखवली, आणि इथे मला आपण एकाच धंद्यातले आहोत असे वाटले. डाग दोन्ही बाजूंना सारखा असेल तर दात बोथट किंवा चिकाने भरलेले. प्लायमधला सरस आणि लाकडाचा चीक दातांमागे डांबरासारखा बसतो, तो रॉकेल आणि ब्रशने काढायचा. गाईडच्या, म्हणजे लाकूड ज्या आधारपट्टीला टेकवून सरकवतात तिच्या, बाजूलाच डाग असेल तर गाईडचे मागचे टोक पात्याकडे झुकले आहे आणि लाकूड पात्यावर दाबले जात आहे. आडवी, एकच, ठळक चापरेघ म्हणजे तिथे ढकलणारा थांबला, हात बदलायला किंवा फोन वाजला म्हणून. आणि डाग कापाच्या शेवटाकडे वाढत गेला असेल तर लाकूड स्वतःच मिटते आहे. जुन्या कडीत साठ-सत्तर नव्हे, शे-दीडशे वर्षांचा ताण कोंडलेला असतो. ती चिरली की दोन भाग कधी फाकतात, कधी पात्यावर मिटतात. पात्याच्या मागे चिरेत राहणारे एक उभे लोखंडी पान यासाठीच असते. मिस्त्रींच्या मशीनवरचे ते कधीच काढून ठेवलेले होते. हे नुसत्या डागाचे प्रकरण नाही. चिमटलेले लाकूड उसळून माणसाच्या पोटावर येते.

माझ्या फळीवर यांतल्या तीन खुणा होत्या. शेवटाकडे वाढणारा डाग, दोन ठिकाणी थांबल्याच्या रेघा, आणि सगळ्यावर बारीक दातांची पातळ तपकिरी झळ. शिवाय चापाशेजारी ठराविक अंतराने येणारा एक ओरखडा. कारागिरांनी पाते काढून उजेडात फिरवले. एका दाताचा विडिया कोपऱ्यात उडालेला होता. कडीत कुठेतरी जुना चौकोनी खिळा होता, आम्हा दोघांनाही न दिसलेला. त्या पात्याचे पैसे मी दिले.

दुसऱ्या खेपेला २४ दातांचे पाते लागले. मागचे पान शोधून बसवले, गाईड गुण्याने तपासला, मागे कागदाच्या जाडीइतकी मोकळीक ठेवली. कारागीर मिस्त्रींना म्हणाले, "थांबायचं नाही, रेटत न्यायचं." आवाज यावेळी शेवटपर्यंत खरखरीत राहिला. फळी निघाली ती मधाच्या रंगाची, चापांच्या बारीक रेघा सोडल्या तर निष्कलंक.

जळलेल्या फळीचे काय करायचे यावर थोडा वाद झाला. डाग वरवरचा दिसतो, पण पॉलिश पेपरने जात नाही. करपलेला थर कडक होतो आणि पेपर त्यावरून नुसता फिरतो. रंध्याने मिलिमीटर-दीड मिलिमीटर काढावे लागते. ते त्यांनी काढले. मग रंधा चालू असताना मिस्त्री सवयीने कडीची ती भिंतीकडची कूस घेऊन आले, तिरक्या रेघांची. "सर, हीपण साफ करून टाकतो. एकदम नवी दिसेल."

मी नको म्हणालो. त्यांना कारण कळेना, आणि मशीनच्या आवाजात मला ते नीट सांगता येईना. वयस्कर कारागिरांनी फॉर्मायका खाली ठेवला, उठून आले, त्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि जिथे कल बदलतो तिथे थांबले. "इथं जागा बदलली," ते म्हणाले. ती बाजू डेस्कच्या पुढे लावली आहे.